फ्रीझरवरचं बिननावाचं भोक

विल्डा हॅझलेटच्या घरामागच्या उतारावर, मातीच्या उंच बांधासमोर, एक जुना आडवा फ्रीझर पडलेला होता. एके काळी त्यात हरणाचं मांस आणि ब्लॅकबेरी भरलेल्या असायच्या. मग तो बिघडला. मुलगी ट्वायला म्हणाली, भंगारात देऊ. विल्डा म्हणाली, "माझ्या घरातली वस्तू अशी फुकट सुटत नाही," आणि तिने तो ट्रॅक्टरला दोर बांधून गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर ओढत आणवला. तेव्हापासून त्या फ्रीझरने जेवढी माणसं शहाणी केली, तेवढी टॅनर काउंटीतल्या शाळेनेही केली नसतील. निदान विल्डाचं मत तसं होतं, आणि तिच्या जमिनीवर तिचं मत कायद्यासारखं चालायचं.

वर्षातून दोनदा तिच्याकडे कार्बाइनचा, म्हणजे आखूड रायफलीचा, तीन दिवसांचा वर्ग भरायचा. गुरुवार ते शनिवार, म्हणजे चर्चचं निमित्त काढून कोणाला पळता येऊ नये. अर्धे पोलीस, अर्धी गावातली माणसं. शिकवायची ट्वायला, लष्करात हेच काम करून आलेली. गोळ्या मारायला उभं राहायची लाइन मात्र विल्डाची. लाइन चालू करणार ती, बंद करणार ती, आणि कोणाला घरी धाडायचं तेही तीच ठरवणार. सहावीतून शाळा सोडलेली बाई, पण तिने एक हाक मारली की हातात बंदूक असलेली धिप्पाड माणसं जागच्या जागी थिजायची.

जोड्या लावायची तिची रीत होती. एका पोलिसामागे एक गावकरी. एक गोळ्या मारणार, दुसरा मागे उभा राहून त्याच्या हातांवर लक्ष ठेवणार, आणि नंतर टार्गेटवरची भोकं कागदाच्या चिकटपट्टीने बुजवणार. स्वतःची भोकं स्वतः बुजवायची नाहीत. एकदा एका बाहेरगावच्या फौजदाराने विचारलं होतं, पोलिसाबरोबर पोलीस का नको? विल्डा म्हणाली, "पोलीस पोलिसाची चूक पोटात घालतो. शाळेच्या बसवाली बाई नाही घालत. तिने तुम्हाला सातवीत रडताना पाहिलेलं असतं."

आणि फ्रीझर होता तो या सगळ्यातल्या एका ठरलेल्या चुकीसाठी. कार्बाइनवर नेम धरायची लाल ठिपक्याची काच नळीच्या वर तीन-चार बोटं उंच बसवलेली असते. फ्रीझरच्या आडोशाला गुडघा टेकून बसलं की काचेतून समोरचं सगळं मोकळं दिसतं. ठिपका टार्गेटच्या छातीवर बसलेला असतो, माणूस खुशीत घोडा दाबतो. नळी मात्र खाली असते, आणि नळीच्या तोंडासमोर टार्गेट नसतं, फ्रीझरची भिंत असते. गोळी फ्रीझरला आरपार करून जाते आणि मारणाऱ्याला पत्ताही नसतो. हे दहा वेळा तोंडाने सांगून कोणाला पटत नाही. एकदा केलं की जन्मभर विसरत नाही. म्हणून ज्याची गोळी फ्रीझरला लागेल त्याने भोकाभोवती लाल रंगाने गोल काढायचा, शेजारी आपलं नाव लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी गोड सारण भरून भाजलेला 'पाय' करून आणायचा, पीचचा नाहीतर पेकनच्या बियांचा. फ्रीझरच्या अलीकडच्या भिंतीवर अशी कितीतरी नावं होती. एका पाद्र्याचं होतं. ट्वायलाचंही होतं, आणि ते विल्डा प्रत्येक बॅचला न चुकता दाखवायची.

या खेपेला घोळ घातला तो काउंटीत निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाने, शेरीफ लॉइड कटशॉलने. स्वतः वर्गाला आला होता, हाताखालचे सहा डेप्युटी घेऊन. गेल्या वर्षी त्याच्या तीन माणसांची नावं फ्रीझरवर लागली आणि गावातल्या हॉटेलात न्याहारीला बसलेल्या लोकांनी आठवडाभर त्यावर चेष्टा केली. ते त्याला झोंबलं होतं. पहिल्याच सकाळी त्याने हॅट सारखी करून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझ्या ज्या माणसाचं नाव त्या डब्यावर लागेल, त्याला गाडीत कार्बाइन मिळणार नाही. तो सोमवारपासून तुरुंगाच्या ड्यूटीवर."

विल्डाने कपातला कॉफीचा गाळ गवतावर फेकला. "लॉइड, तो डबा शिकण्यासाठी आहे. फाशी देण्यासाठी नाही."

"तुमची रेंज, मिस विल्डा. माणसं माझी."

ते खरंच होतं. ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती, त्यामुळे दिवसभर तिने शिट्टी गरजेपेक्षा जोरात फुंकली.

त्या सहा डेप्युटींमध्ये एमरी टॉलेट नावाचा एक लांबसडक, खांदे पाडून चालणारा माणूस होता. चार वर्षं तो काउंटीच्या तुरुंगात पहाऱ्यावर होता. तळघरातला बोळ, एक खिडकी नाही. आता कुठे त्याला बाहेर गस्तीवर घ्यायचं ठरत होतं, आणि त्यासाठी हा वर्ग पार करणं भाग होतं. त्याची जोडी लागली नीव्हा प्रूएटशी. तीच ती शाळेच्या बसवाली, तीस वर्षं घाटातून बस चालवून नजर घारीसारखी झालेली. पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी नीव्हा विल्डाच्या पायरीवर येऊन बसली.

"तुझा तो तुरुंगवाला," नीव्हा म्हणाली, "नेम चांगला आहे ग. पण मला एक कळत नाही. टार्गेटकडे चालत जाताना तो पायांकडे बघत जातो. आपलीच भोकं बघायची भीती वाटावी तसा."

"आणि बघितल्यावर?"

"बघितल्यावर म्हणतो, 'ही खरंच माझी का?'"

विल्डाच्या कानात ते घुमत राहिलं. दुसऱ्याच्या खोडीचं कारण शोधायचा तिला नाद होता, बाकीच्या बायकांना गोधड्यांचा असतो तसा.

शुक्रवारी सकाळी फ्रीझरची पाळी आली. तिघं-तिघं त्याच्या आडोशाला बसणार, समोर प्रत्येकाचं आपापलं टार्गेट, आणि विल्डाच्या शिट्टीवर तिघांनी एकदमच गोळ्या मारायच्या. तिसऱ्या फेरीत डावीकडे एमरी, मध्ये शेरीफ, उजवीकडे मधमाश्या पाळणारी एक बाई. एमरीमागे नीव्हा. शेरीफमागे ऑर्व्हिल नावाचे निवृत्त दंतवैद्य. ऑर्व्हिल हे दुसऱ्याने गोळी मारली तरी डोळे गच्च मिटायचे, आयुष्यभर लोकांना 'घाबरू नका' सांगून त्यांच्या वाट्याचं धैर्य संपलं होतं बहुतेक. ट्वायला त्या वेळी मधमाशीवाल्या बाईची गुडघा टेकायची पद्धत नीट करत होती.

"लाइन चालू!" विल्डा ओरडली आणि शिट्टी वाजवली. धडधडाट झाला. "लाइन बंद!" बंदुका रिकाम्या झाल्या, सगळे टार्गेटपर्यंत गेले, जोडीदारांनी भोकं बुजवली, सगळे परत आले.

विल्डा मात्र गेली नव्हती. ती फ्रीझरपाशी वाकून उभी होती.

"हे कोणाचं?"

झाकणाच्या कडेखाली, मधली जागा आणि डावी जागा यांच्या बरोबर सीमेवर, एक ताजं भोक होतं. बाकीच्या भोकांच्या कडा गंजून लाल झालेल्या, याची कड चकचकीत. आतला पिवळा फोम बाहेर डोकावत होता. ना गोल, ना नाव.

मधमाशीवाली बाई म्हणाली, "मी तर त्या टोकाला होते बाई," आणि ते खरं होतं.

"लाइन बंद," विल्डा म्हणाली, "आणि भोकाला मालक मिळेपर्यंत बंदच. मला घाई नाही. शेंगा निवडायच्यात, त्या इथे आणून निवडीन."

शेरीफने आपल्या माणसांकडे वळून बघितलं. "ज्याने केलं त्याने पुढे यावं. लपवलंत तर तुरुंगाची ड्यूटी नाही, घरीच पाठवीन."

मग एमरी पुढे आला. त्याने कानावरची झाकणं मानेवर ओढली.

"माझं असेल, सर."

"असेल?"

"माझंच. मी फोम उडताना पाहिला."

शेरीफने नाकातून श्वास सोडला. "ठीक. मर्दासारखा बोललास. पण बोललो ते बोललो. सामान गाडीत टाक, एमरी."

एमरीने मान हलवली आणि खरंच वाकून आपली गोळ्यांची मॅगझिनं गोळा करायला लागला. चेहऱ्यावर राग नाही, रड नाही. पावसाळी दिवशी माणूस दोरीवरचे कपडे काढतो तसा उचलत होता. नीव्हाच्या तोंडून "अरे, पण," एवढंच आलं. विल्डा मात्र त्याच्याकडे बघत राहिली. तिने या फ्रीझरपाशी पुष्कळ माणसं पाहिली होती. चूक स्वतःची असली की माणूस आधी भोकाकडे जातो, बोट घालतो, बंदुकीची काच बघतो, 'पण मला तर मोकळं दिसत होतं' म्हणून वाद घालतो. पाद्र्याने तर सैतानाचं नाव घेतलं होतं. या माणसाने भोकाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"थांब रे पोरा," ती म्हणाली. "रंगाचा ब्रश अजून डब्यात आहे. नाव लागल्याशिवाय कोणी जात नाही. आणि नाव लावायच्या आधी मला बघायचंय."

"काय बघायचंय?" शेरीफ म्हणाला. "तो कबूल झालाय."

"तुझ्या तुरुंगात चालत असेल तसं. ट्वायला, नळी साफ करायची सळई आण. लांबवाली."

सळई आली. तीन तुकडे एकमेकांत पिळून बसवले की ती हातभराहून बरीच लांब व्हायची. विल्डा फ्रीझरच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथल्या गंजक्या भोकांच्या जाळीत एक चकचकीत भोक शोधून काढलं. मग अलीकडे येऊन सळई आत घातली. फोममध्ये गोळीने सरळ बोगदा केला होता, सळई त्यातून घसरत गेली, आतल्या रिकाम्या जागेत जरा लोंबली, आणि झाकण उचलून नीव्हाने तिला धरून त्या दुसऱ्या भोकातून बाहेर काढलं. आता सळई दोन्ही भिंतींत घट्ट बसली, अगदी बांधाकडे बोट दाखवल्यासारखी.

सगळे गोळा झाले. मोठी माणसं, कमरेला पिस्तुलं, आणि जत्रेत खेळणं बघायला जमावं तशी एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेली. ऑर्व्हिलनी चष्मा पुसला.

"लॉइड," विल्डा म्हणाली, "तू ये. माझे डोळे म्हातारे झाले. तूच बघ ही कुठे जाते."

तिचे डोळे काही म्हातारे झालेले नव्हते. शेरीफ गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटून सळईच्या रेषेत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हॅट काढली आणि पुन्हा बघितलं.

"ही सळई वाकडी आहे," तो म्हणाला.

"नवी आणू?"

"गोळी फोममध्ये वळलीही असेल."

"असेल की. सळई कुठे दाखवते ते तर सांग."

त्याने हॅट परत डोक्यावर ठेवली. नीव्हानेच वाकून बघितलं आणि तिला कधी काही पोटात ठेवता आलेलं नाही. "मधल्या टार्गेटवर जाते!" ती म्हणाली. "शेरीफच्या!"

एमरी मॅगझिनं हातात धरून तसाच उभा राहिला. त्या गर्दीत सगळ्यांत जास्त आश्चर्य कोणाच्या तोंडावर असेल तर ते त्याच्या.

विल्डाने अजून एक केलं. ती मधल्या टार्गेटपर्यंत चालत गेली, सगळी वरात तिच्यामागे, आणि ऑर्व्हिलनी मन लावून चिकटवलेल्या पट्ट्या एकेक नखाने उचकटत गेली. गोल भोक, गोल भोक, गोल भोक. मग पोटाच्या खालच्या बाजूला एक आडवं, लांबट, फाटक्या कडेचं. गोळी कशातून तरी जाऊन आली की भेलकांडते आणि कागदाला आडवी लागते.

"हे भोक असं का, असं मला वाटलं होतं," ऑर्व्हिल हळूच म्हणाले. "पण शेरीफ आहेत, त्यांची पद्धत असेल, म्हणून मी पट्टी लावून टाकली."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं. नीव्हाने मात्र दडवलं नाही. "मग शेरीफ, सोमवारपासून तुम्ही तळघरात का? जेवण बरं असतं का तिथलं?"

शेरीफ लॉइड कटशॉलची मान लाल झाली, मग कान. विल्डाला वाटलं आता हा गाड्या वळवून सगळ्यांना घेऊन निघतो, आणि मग पुढच्या वर्षी पोलीस येत नाहीत. येऊ देत नाहीतर जाऊ देत, आता सळई काढून घेणं तिच्या रक्तात नव्हतं. पण त्याने तिच्या हातातून ब्रश घेतला. फ्रीझरपाशी बसून भोकाभोवती गोल काढला आणि शेजारी नाव लिहिलं, बारीक.

"मोठं लिही," विल्डा म्हणाली. "निवडणुकीच्या पाट्यांवर लिहितोस तेवढं."

त्याने मोठं लिहिलं. उठून हात झाडले. "नियम मी केला होता, मीच मोडतो. एमरी, ठेव ते खाली. तू कुठे जात नाहीस." आणि थोडं थांबून, "मला कळलंसुद्धा नाही. शपथेवर सांगतो, मला सगळं मोकळं दिसत होतं."

"सगळ्यांना तसंच दिसतं," ट्वायला म्हणाली. "म्हणून तर डबा आहे."

इथे गोष्ट मिटली असं सगळ्यांना वाटलं. विल्डाला नाही. जेवणाला पिंटो नावाच्या घेवड्याचं कालवण, मक्याची भाकर आणि कच्चा कांदा होता. तिने स्वतःची थाळी उचलली आणि एमरी ज्या झाडाखाली एकटा बसला होता तिथे जाऊन त्याच्यासमोर बादली उलटी करून बसली.

"आता सांग. शेरीफला वाचवायला खोटं बोललास?"

"नाही, मॅम."

"घाबरून?"

"नाही, मॅम. मी खोटं बोललोच नाही."

"अरे, सळई तिकडे गेली आणि तू म्हणतोस माझं!"

त्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला नाही. "फोम उडालेला दिसला. आणि मनात आलं, माझ्याकडून झालं असणार. दुसऱ्या कोणाकडून झालं असेल असं आलंच नाही मनात. तिकडे तुरुंगात तसंच असतं, मिस विल्डा. किल्ली हरवली, टॉलेट. कोणी नळ चालू सोडला, टॉलेट. पहिल्या वर्षी मी नाही म्हणायचो. मग कोण वाद घालणार म्हणून हो म्हणायला लागलो. आणि आता," तो स्वतःशीच जरा हसला, "आता मला खरंच वाटतं की मीच. तुम्ही सळई घातली तेव्हाही मला वाटलं की ती माझ्याच टार्गेटवर जाणार."

विल्डाचा घास हातात राहिला. ती खोट्याचं कारण शोधायला आली होती, आणि इथे खोटं नव्हतंच. खोटं असतं तर तिला त्याला झापता आलं असतं. याचं काय करायचं?

"मग तर मी तुला पास करू शकत नाही," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "पण सगळ्या गोळ्या आत आहेत माझ्या. नीव्हाबाईंना विचारा."

"त्या तिला माहीत आहेत. तुला माहीत नाहीत. अर्ध्या रात्री कोणाच्या परसात तू बंदूक घेऊन उभा राहशील, चार जण गोळ्या मारतील, आणि सकाळी कोणी विचारेल, ही कोणाची? तू म्हणशील माझी. नाहीतर एखाद्या दिवशी तुझीच असेल आणि तुला ठाऊक नसेल. हातातून काय सुटलं हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या गाडीत मी बंदूक ठेवू देणार नाही. शेरीफने ठेवली तरी माझी सही नसेल."

"मग?"

"मग उद्या बोलून दाखवायचं. गोळी सुटली की टार्गेटकडे न बघता सांगायचं, कुठे गेली. बंदूक हलली तेव्हा ठिपका कुठे होता तेच सांगायचं असतं, जादू नाही. माझ्या आजोबांनी मला खारी मारताना शिकवलं. खार पडली की नाही हे बघण्याआधी सांगावं लागायचं, नाहीतर रात्री शिजलेलं मिळायचं नाही." तिने कांद्याचा चावा घेतला. "आता जेव. ते कालवण मी थंड व्हायला केलेलं नाही."

ही बातमी तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळ्यांना कळली. शेरीफ तिच्याकडे आला, हॅट हातात. "मिस विल्डा, त्याला माझ्यामुळे त्रास नको. मी त्याला घेतो म्हणतोय ना."

"सकाळी हाकलत होतास, आता मिठी मारतोस. दोन्ही वेळा तू त्याला विचारलं नाहीस."

शनिवारची अखेरची परीक्षा आडोशाविना, उभ्याने असायची. प्रत्येकाने पुढे पुढे येत थांबायचं आणि गोळी मारायची. टार्गेटवरच्या आकृतीच्या बाह्यरेषेच्या आत सगळ्या गोळ्या हव्यात, एक चुकली तर चालेल, दोन चुकल्या की पुढच्या बॅचला या. शेरीफने आणलेला पीचचा पाय खाऊन झाला, बाकीच्यांची परीक्षा उरकली. काहींचे सुस्कारे, काहींच्या पाठी थोपटणं. मधमाशीवाली बाई पास झाली आणि तिने सगळ्या डेप्युटींना मिठ्या मारल्या. मग एमरीची पाळी आली तेव्हा जेवायला गेलेलेही परतले.

नीव्हा त्याच्यामागे एक दुसरं, तेवढंच टार्गेट लाकडी पाटीवर लावून उभी राहिली, हातात खडू. तो सांगेल तिथे ती खूण करणार. नंतर दोन्ही शेजारी धरून बघायचं.

"लाइन चालू," विल्डा म्हणाली, आज जरा हळू.

पहिली गोळी. एमरी गप्प.

"बोल की!" नीव्हा म्हणाली. "खडू हातात विरघळायला लागलाय."

"मध्ये. छातीच्या मध्ये. असेल."

"'असेल' पुसून टाक," विल्डा म्हणाली.

दुसरी. "मध्ये. पहिलीच्या जरा वर."

तिसरी. "डावीकडे, आत." आवाज थोडा मोकळा झाला होता. चार पावलं पुढे आला, थांबला, मारली. "वर, गळ्याजवळ. आत आहे." नीव्हाचा खडू कागदावर कुरकुरत होता. शेरीफ दोन्ही हात खिशात घालून उभा होता, आणि त्याचे ओठ एमरीबरोबर हलत होते, जणू तोही प्रत्येक गोळी मनात मोजून बघत होता.

शेवटच्याआधीच्या गोळीला पायाखालचा दगड सरकला. बाहेरून कोणाच्या ध्यानात आलं नसतं. गोळी सुटली आणि बांधावर धूळही नीट दिसली नाही.

एमरीने बंदूक खाली केली. "ही गेली," तो म्हणाला. "उजव्या खांद्याच्या बाहेर. कागदावर नाही."

"हं," शेरीफ मागून कुजबुजला, "पोरा, आधी बघ तरी. आत असेल."

"नाही सर. बाहेर."

नीव्हाने विल्डाकडे बघितलं आणि पाटीच्या उजव्या कडेला, कागदाबाहेर लाकडावरच, खडूचा ठिपका दिला. आता एकसुद्धा चुकून चालणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. एमरीलाही माहीत होतं, कारण शेवटच्या गोळीआधी त्याने खांदे वर केले, तीन दिवसांत पहिल्यांदा. मारली.

"मध्ये," तो म्हणाला. 'असेल' आलंच नाही.

"लाइन बंद."

सगळे निघाले. नीव्हा पुढे, पाटी छातीशी धरून. तिने ती टार्गेटशेजारी लावली. खडूचे ठिपके आणि भोकं इकडून तिकडे बोटभर फरकाने जुळत होती. लोक मान पुढे काढून एकेक ताडून बघत होते, "ही बघ, गळ्याजवळची!" "डावीकडची हीच!" पण उजव्या खांद्याबाहेर काही नव्हतं. कागदाला तिथे ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हटलं नव्हतं?" शेरीफ खूश झाला. "आधीच्याच भोकातून गेली असेल, होतं असं. सगळ्या आत! एकही चुकली नाही, मिस विल्डा."

ट्वायलाने मधली भोकं जवळून पाहिली. त्यातलं एक जरा मोठं वाटत होतं, ओढून ताणून दोन गोळ्यांचं म्हणता आलं असतं. ती आईकडे बघायला लागली. विल्डा एमरीकडे बघत होती.

सोपं होतं. हो म्हणायचं, आणि सगळ्या आत. चार वर्षं तो हेच करत आला होता, लोक सांगतील त्याला हो. त्याने कागदाकडे बघितलं, मग त्याच्या कडेकडे.

"आत नाही गेली," तो म्हणाला. "मला माहीत आहे ती कुठे गेली." आणि पुढे होऊन त्याने टार्गेट ज्या दोन उभ्या लाकडी पट्ट्यांवर ठोकलेलं होतं, त्यातल्या उजव्या पट्टीच्या कागदाबाहेरच्या भागावर वरून खाली हात फिरवला. खांद्याच्या उंचीला हात थांबला. मागच्या बाजूने ताज्या लाकडाची पांढरी चीर बाहेर आली होती, आणि पुढून, जुन्या खिळ्यांच्या आणि भोकांच्या गर्दीत, एक नवं, काळ्या कडेचं भोक.

नीव्हाने पाटी उचलून तिथे धरली. तिचा लाकडावरचा खडूचा ठिपका आणि ते भोक अगदी एका उंचीवर.

"अग बाई," ती म्हणाली, आणि नीव्हा प्रूएटला त्यापुढे काही सुचलं नाही ही गोष्ट काउंटीत आजही सांगितली जाते.

विल्डाने स्वतः बोट घालून बघितलं. चीर अजून ओलसर होती, पाइनचा वास येत होता. "एक बाहेर," ती म्हणाली. "एक बाहेर चालते. पास." ट्वायलाने प्रमाणपत्र पुढे केलं आणि विल्डाने एमरीच्या पाठीवर ते ठेवून आपली जाड, एका अक्षराला दुसरं न चिकटलेली सही केली. तो पाठ ताठ करून स्थिर उभा राहिला.

"लॉइड, याला कुठे घालणार?"

"उत्तरेकडची गस्त. सोमवारपासून." शेरीफ अजून त्या लाकडाच्या चिरेकडेच बघत होता. हॅट मागे सरकवली, पुढे ओढली, पुन्हा मागे सरकवली. मग नीव्हाकडे वळला आणि घसा साफ केला.

"नीव्हाबाई, तो खडू शिल्लक आहे का? आणि एक कोरा कागद?"

"का हो?"

"मला बघायचंय," तो म्हणाला, "मला तरी माझ्या गोळ्या सांगता येतात का."

विल्डाने शिट्टी गळ्यातून काढली होती ती परत घातली. "कान झाका सगळ्यांनी. एमरी, तू त्याच्यामागे उभा राहा. ऑर्व्हिल, तुम्ही जेवायला जा. लाइन चालू!"